‘असू शकेल’ एवढ्यावरच

माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. ती साडेतीन वर्षांची असताना विकासात्मक बालरोगतज्ज्ञ मॅडम तासभर जमिनीवर बसून तिच्याशी खेळल्या आणि म्हणाल्या, ‘ऑटिझम असू शकेल. संवेदनांचा प्रश्न तर नक्की आहे.’ पुढच्या प्रत्येक अहवालात शब्द थोडे बदलले, पण ते ‘असू शकेल’ काही पुरतं गेलं नाही. ती बोलते भरपूर, वाचते त्याहून जास्त, आणि वाढदिवसाच्या घरी फुगे दिसले की उंबऱ्यावरूनच मागे फिरते. थेरपी सेंटरच्या बाकावर बसलेल्या नव्या आया विचारतात, ‘ताई, तुम्ही काय काय केलंत?’ त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते आहे. मी बँकेत नोकरी करते, डॉक्टर नाही. क्रमांक आठवेल तसे टाकले आहेत, महत्त्व पाहून नव्हे.

१. आधी कान तपासून घ्या.

हाक मारली तर वळून बघायची नाही, म्हणून नातेवाइकांना वाटायचं हिला ऐकू येत नाही. आणि स्वयंपाकघरात मिक्सर लागला की हीच मुलगी पलीकडच्या खोलीत कानांवर हात दाबून किंचाळायची. दोन्ही खरं होतं. तरीही ‘बेरा’ ही श्रवणचाचणी आधी करून घ्यावी. बोलणं उशिरा येण्यामागे बहिरेपण असेल तर पुढचा रस्ताच वेगळा. चाचणी झोपेत होते आणि डोक्याला, कानामागे छोट्या चिकटपट्ट्या लावतात. अंगाला काही चिकटलेलं न चालणाऱ्या मुलीचं तिथे काय झालं असेल ते सांगायला नको. शेवटी डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं औषध द्यावं लागलं. कान उत्तम निघाले.

२. नाव मिळेपर्यंत हात बांधून बसू नका.

‘हिचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असतं. आमच्याकडे जोडीला आणखी एक होतं: ‘मुलगी आहे, शांत आहे, गुणी आहे.’ मुलींच्या बाबतीत हे फार होतं. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे ऑटिझमचं जुनं प्रमाण. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली पाहिलं तेव्हा ते तिनास एकच्या जवळ आलं. बऱ्याच मुली दुसऱ्यांचं बघून हसायला शिकतात, मान हलवायला शिकतात, आणि सुटून जातात. माझी लेक वर्गातल्या एका मुलीची लकब इतकी हुबेहूब उचलायची की शिक्षिका म्हणायच्या, ‘छान मिसळते की!’ घरी आल्यावर तीच लेक दप्तरासकट पलंगाखाली जाऊन झोपायची.

सोळा ते तीस महिन्यांच्या बाळांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी असते. ती भरायला काही मिनिटं लागतात. ते निदान नाही, पुढे जायचं की नाही एवढंच कळतं. खासगी सेंटरची फी ऐकून छातीत धस्स होत असेल तर सरकारी दार ठोठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याखालची डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली असतात. तपासणी आणि थेरपी तिथे मोफत. गर्दी असते, दोन तारखांमध्ये अंतर पडतं, हे खरं. पण ‘असू शकेल’ या एवढ्याशा शब्दावरही काम सुरू करता येतं, आणि ऑटिझम नाही असं पुढे ठरलं तरी झालेल्या कामाने मुलाचं काही बिघडत नाही.

३. लागतं म्हणजे लागतंच.

बाकीचं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. फ्रॉकच्या मानेमागचं लेबल माझ्या लेकीला ‘चावतं’. शब्द तिचाच. मोज्यांच्या बोटांवरची शिवण चावते, स्कर्टचं इलॅस्टिक चावतं, नव्या कापडाची खळ चावते, कंगवा तर कचकचून चावतो. ती नाटक करत नव्हती, आमच्यावर हुकूमत गाजवत नव्हती. तिच्या कातडीकडून मेंदूकडे जाणारा निरोपच मोठ्या आवाजात जात होता.

हे नवं नाही. १९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी ज्या अकरा मुलांवर ऑटिझमचा तो गाजलेला निबंध लिहिला, त्या मुलांच्या भीतीच्या गोष्टींत व्हॅक्यूम क्लीनर होता, लिफ्ट होती, अंडी फेटायचं यंत्रसुद्धा होतं. म्हणजे आमचा मिक्सर तिथेही हजर होता. तरी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत संवेदनांचा निकष यायला २०१३ साल उजाडलं. मधल्या सत्तर वर्षांत किती आयांनी ‘लाडावून ठेवलंय’ ऐकून घेतलं असेल!

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की हेच मूल दुसऱ्या बाजूला अगदी बधिर असू शकतं. खेळताना गुडघा फुटून रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला तरी हिला पत्ता नसतो. थंडी वाजत्येय, लघवीला लागली आहे, भूक लागली आहे, हे आतले निरोप उशिरा पोचतात. म्हणून लोक म्हणतात, ‘पडली तेव्हा रडली नाही, आणि मोज्यासाठी रडते?’ हो. अगदी तसंच असतं.

शाळेचा नियम होता: तेल लावून दोन वेण्या, वर लाल रिबिनी. रोज सकाळी साडेसहाला आमच्या घरात जी रडारड व्हायची ती शेजारच्या विंगेत ऐकू जायची. केस कापून बॉबकट करू म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मुलीच्या केसांचं त्यांना फार. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, ‘काप बाई, पोरीचे डोळे सुजलेत.’ सलूनमधलं मशीन चालत नाही, म्हणून आम्ही घरीच खिडकीपाशी बसून साध्या कात्रीने कापतो आणि कात्रीचे घाव ती स्वतः मोजते. सासूबाईंनी पुढे जे केलं ते कुठल्या थेरपिस्टला सुचलं नव्हतं. त्यांच्या आईचं जुनं नऊवारी लुगडं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं, फाडून त्यांनी परकर शिवले आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या. युनिफॉर्मच्या आत ती आजही तेच घालते.

४. घराचे आवाज एकदा बसून मोजा.

आपल्याला घर शांत वाटतं, कारण आपण ऐकणं सोडून दिलेलं असतं. एका रविवारी मी आणि नवरा कागद घेऊन बसलो. मिक्सर, कुकर, एक्झॉस्ट पंखा, जुन्या ट्यूबची घूं-घूं, सोसायटीच्या पाण्याचा पंप, पक्ष्यासारखी किलबिलणारी दाराची बेल, भंगारवाल्याचा भोंगा, वरच्या मजल्यावरची खुर्ची. यातला पंप आमच्या हातात नव्हता. बेल काढून टाकली, येणारे कडी वाजवतात. ट्यूब बदलली. मिक्सरचं वाटण ती शाळेत असताना करून फ्रीजमध्ये ठेवायला लागले.

सगळंच काढून टाकता येत नाही. कुकर तर लावावाच लागतो. तिथे उपयोगी पडली ती आगाऊ सूचना: ‘तीन शिट्ट्या होणार.’ मग ती बोटांवर मोजते आणि तिसरी झाली की मलाच ओरडते, ‘गॅस बंद कर!’ मिक्सरचं बटण एकदा तिच्या हातात दिलं तेव्हा तर चमत्कार वाटावा असं झालं. तोच आवाज, पण सुरू कधी होणार आणि थांबणार कधी हे तिला ठाऊक. किंचाळणं निम्म्याने कमी. तज्ज्ञांना यामागचं कारण माहीत असणार; मला एवढं कळलं की आवाजापेक्षा तो अंगावर अचानक येणं जास्त छळतं.

५. सण तिच्या मापाचे करून घ्या.

आपले सण म्हणजे आवाज, वास, ओलं, चिकट आणि अनोळखी माणसं, सगळं एकाच वेळी. बोरन्हाणाचंच बघा. काळा झबला, त्यावर टोचणारे हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या! कौतुकाच्या नावाखाली हिच्यासाठी शिक्षाच. आम्ही ते तिच्या बाहुलीला घातलं. ओतणारी ती, वेचणारी इमारतीतली पोरं. हळदीकुंकवाला आलेल्या काकू आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग त्यांनाही मजा आली.

दिवाळीचं अभ्यंगस्नान पहाटे चारला उटणं लावून करायलाच हवं असं नाही. आमच्याकडे ते नऊला, साध्या साबणाने, नंतर हवा तर तेलाचा एक थेंब. लग्नात अक्षता डोक्यावर पडतात म्हणून आम्ही मागच्या दाराजवळ उभे राहतो आणि ‘सावधान’ झालं की जेवायच्या हॉलकडे निघतो. फटाके आणि ढोल-ताशे हा वेगळा प्रश्न. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत अभियांत्रिकी महाविद्यालयाची मंडळी दरवर्षी आवाज मोजतात आणि लक्ष्मी रस्त्यावरचा आकडा काही वर्षी शंभराच्या वर गेला आहे. मी ढोलांच्या विरोधात नाही, माझा भाऊ स्वतः पथकात वाजवतो. पण नियम एवढे स्पष्ट असताना ‘आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायची शक्ती आता उरलेली नाही. हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातल्या कामगारांसाठीचे इअरमफ मिळतात, ते घेऊन ठेवावेत. दिवसभर मात्र घालू देऊ नयेत. कानांना शांततेची सवय लागली की साधे आवाजही जड जातात, असं आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) मॅडमनी बजावलं होतं.

गणपतीत सासरच्या गावी सगळे जमतात. आरतीला तीस माणसं, झांजा, टाळ, घंटा आणि माजघरात कोंडलेला तो सगळा नाद. लेक त्या वेळी मागच्या पडवीत असते. तिच्याकडे दुर्वांचं काम आहे. एकवीस दुर्वांची जुडी, प्रत्येक दुर्वा तीन पात्यांची, लांबी सारखी. पाती कमी भरली तर अख्खी जुडी सोडून पुन्हा बांधते. मोठे दीर म्हणतात, ‘इतक्या शास्त्रशुद्ध जुड्या आपल्या घरात कधी वाहिल्या नव्हत्या.’

६. हट्ट वेगळा, कोसळणं वेगळं.

हट्ट करणारं मूल मधूनमधून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतं की आई विरघळली का. हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. कोसळलेलं मूल कोणाकडे बघत नाही, काही मागत नाही, आणि जे मागितलं होतं ते दिलं तरी थांबत नाही. तेव्हा समजावणं, धमकावणं, आमिष दाखवणं सगळं फुकट. बोलणं हा आणखी एक आवाज असतो. दिवा कमी, माणसं कमी, शब्द कमी. मी शेजारी बसते, हात लावत नाही, ती माझ्या पाठीला पाठ लावेपर्यंत.

संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात असं झालं की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘दोन ठेवून द्या, सरळ होईल.’ त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा आणि तेवढंच बोला. माझं आहे: ‘तिला आवाजाचा त्रास होतो, थोडी जागा द्या.’ बहुतेक जणी खरंच जागा देतात. ज्या देत नाहीत त्यांना ऑटिझम म्हणजे काय हे डोंबिवली येईपर्यंत समजावून सांगायची जबाबदारी आपली नाही.

७. ‘भूक लागली की खाईल’ हे सगळ्या मुलांना लागू नाही.

वरण-भात, पण दोन्ही वेगळे. पोह्यांत मोहरी नको, कोथिंबीर नको, शेंगदाणे चालतील. बिस्किटाच्या कंपनीने वेष्टणाचा रंग बदलला तर बिस्किटही बदललं. अशी मुलं खरोखर उपाशी राहतात, म्हणून उपासमारीचे डावपेच खेळू नयेत. डॉक्टरांना सांगून लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं, वजन-उंचीची नोंद ठेवावी. आमच्याकडे नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, ताटाबाहेर ठेवतो, ‘खा’ म्हणत नाही. भेंडी अशी वर्षभर वाटीत बसून होती. एके दिवशी तिने तिचा वास घेतला. मग खाल्ली का? नाही. अजून नाही.

८. बाजारापासून सावध.

निदान पक्कं नसलेल्या घरावर विक्रेत्यांची नजर आधी पडते, कारण आशा सर्वांत जास्त तिथेच असते. कोणी म्हणतं पोळी आणि दूध बंद करा, कोणी शरीरातली धातूंची विषं काढून देतं, कोणी स्टेमसेलची इंजेक्शनं विकतं. मुळात दोनच गोष्टी खाणाऱ्या मुलाची पोळी बंद करणं किती भयंकर आहे! त्या आहाराने ऑटिझम कमी होतो याला भक्कम पुरावाही नाही. विषं काढण्याच्या औषधांनी जीव गेल्याची उदाहरणं आहेत. स्टेमसेलबाबत आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ आहेत: रक्ताशी संबंधित काही ठरावीक आजार वगळता ते नेहमीचे उपचार नाहीत, फक्त संशोधन. त्यांची किंमत ऐकाल तर वाटेल की घर विकावं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने गावची जमीन विकली.

लसीचं भूतही अजून फिरतं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझम होतो असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, २०१० साली ‘लॅन्सेट’नेच तो मागे घेतला. मधल्या काळातल्या मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध सापडला नव्हता. माझ्या धाकट्या मुलाच्या लशीच्या वेळी जाऊबाईंनी हळूच विचारलं होतं, ‘पुन्हा द्यायची?’ दिली, वेळेवर दिली.

आणि आईला दोष देणं हा तर जुनाच धंदा. कॅनर यांनीच आईबापांच्या कोरडेपणाबद्दल लिहून ठेवलं, पुढे शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी थंड आयांमुळे मुलं अशी होतात हा सिद्धांत लोकप्रिय केला. तो मोडून काढणारं पुस्तक १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी लिहिलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. आपल्याकडे त्या सिद्धांताचं देशी रूप आहे: ‘नोकरी करते ना, मोबाइल दिला असेल.’ पडदा कमी असावा हे सगळ्याच मुलांना लागू. पण जन्मापासून अंगाई ऐकताना कान झाकणाऱ्या मुलीला मोबाइलने काय केलं, ते मला कोणी सांगावं.

९. घरची भाषा सोडू नका.

‘गोंधळ होतो, एकच भाषा ठेवा, शाळेची ठेवा,’ असं आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आलं. म्हणजे सासूबाईंनी नातीशी इंग्रजीत बोलायचं! दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. आणि मुलाला आजीपासून तोडून जी एक भाषा उरते तिच्यात ते बोलणार कोणाशी? दुसऱ्या स्पीच थेरपिस्टने स्वच्छ सांगितलं, ‘घरी जी प्रेमाने बोलता तीच बोला.’

लेक चार वर्षांची होईपर्यंत बरंचसं बोलणं ऐकलेल्या वाक्यांचं होतं. जाहिराती, बातम्या, आणि सर्वांत आवडत्या रेल्वेच्या घोषणा. लोकांना ती पोपटपंची वाटते. बॅरी प्रिझंट या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं की अशा पुनरुच्चारांत बहुतेक वेळा हेतू असतो. आम्ही लक्ष ठेवलं तेव्हा सापडलं. पाहुण्यांकडे बसून बसून कंटाळली की ती घोषणेच्या सुरात म्हणायची, ‘पुढील स्टेशन, ठाणे.’ याचा अर्थ, निघू या. अंघोळीचं पाणी गरम असेल तरी ‘पुढील स्टेशन’, डॉक्टरांनी टॉर्च काढला तरी ‘पुढील स्टेशन’. आम्ही प्रत्येक वेळी तिला तिचं वाक्य सुधारून दिलं नाही, फक्त शेजारी आमचं ठेवत गेलो: ‘जाऊ या का? जाऊ या.’ आता ती ‘मला इथून जायचंय’ म्हणते. फार दमली की मात्र ठाणे अजूनही येतं.

१०. थेरपी तासाभराची, बाकी सगळं घर.

संवेदनांच्या एकत्रीकरणाचा विचार अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी मांडला, १९७२ साली त्यांचं पुस्तक आलं. पाच इंद्रियांखेरीज तोल सांभाळणारी एक आणि सांधे-स्नायूंकडून शरीराचा ठावठिकाणा सांगणारी एक, अशा आणखी दोन संवेदना असतात, हे मला ओटीच्या खोलीत कळलं. या थेरपीने नेमकं किती साधतं याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. आमच्या घरात जे दिसलं ते असं: जड काम केलं की ती शांत होते. कणीक मळणं, अर्धी बादली पाणी गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत नेणं, किराण्याची पिशवी जिन्याने वर आणणं. शाळेत जाण्याआधी दहा मिनिटं झोपाळा. महागडी उपकरणं घ्यायची घाई नको.

वजनदार पांघरुणाचं फार ऐकलं होतं. २०१४ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत अशा पांघरुणाने ऑटिस्टिक मुलांची झोप काही वाढली नाही; मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र. आमच्या माळ्यावर आजेसासूबाईंच्या हातची चार पदरी गोधडी होती. तीच काढली. झोप वाढली असेल-नसेल, झोपायला जाताना भांडण होत नाही. फक्त पांघरूण असं हवं की मुलाला स्वतःला भिरकावून देता येईल, आणि तोंडावर येता कामा नये.

११. शाळेशी कायद्याने नंतर बोला, कागदाने आधी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. नव्यात एकवीस आहेत आणि ऑटिझम आहे. सर्वसमावेशक शिक्षण आणि मुलाच्या गरजेनुसार सवलती हे त्यात शाळांवरचं बंधन आहे. हे पालकांना माहीत असावं. पण पहिल्याच भेटीत कलमं वाचून दाखवली की मुख्याध्यापिका हात जोडतात आणि गोड आवाजात म्हणतात, ‘आमच्याकडे तशी सोय नाही हो, तिच्याच भल्यासाठी सांगते.’ हे आम्ही ऐकलेलं आहे.

आताच्या शाळेत मी अर्ध्या पानाचं पत्र दिलं. निदानाचा शब्दही नाही, फक्त कामाच्या गोष्टी. पंख्याखाली आणि दाराजवळ बसवू नये. घंटेच्या दोन मिनिटं आधी तिला सांगावं. कवायतीचा ड्रम वाजतो तेव्हा ती ग्रंथालयात बसेल. नजरेला नजर देत नसली तरी ऐकत असते, हवं तर प्रश्न विचारून बघावा. मागून खांद्यावर हात ठेवू नये. वर्गशिक्षिकांनी ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, आणि बदली शिक्षिका आल्या तरी ते तिथेच राहिलं. मोठ्या सभेत जे होत नाही ते कपाटाच्या दाराने केलं.

१२. प्रमाणपत्राची रेषा.

आपल्याकडे ऑटिझमच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. सत्तर ते १०६ सौम्य. माझी लेक त्या सत्तरच्या आसपासच घुटमळते. प्रमाणपत्र मिळालं तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड, परीक्षेत सवलत, राष्ट्रीय न्यासाचा एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा. न मिळालं तरी मिक्सरचा आवाज तेवढाच. ज्यांचं मूल स्पष्टपणे रेषेपलीकडे आहे त्यांनी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून कार्ड टाळू नये. कार्ड पाकिटात असतं, कपाळावर नसतं.

१३. धाकट्याचाही वाढदिवस असतो.

ताईसाठी घरात फुगे येत नाहीत हे त्याने मान्य केलंय, पण ते त्याला फुकट पडू नये. महिन्यातून एकदा तो आणि त्याचे बाबा दोघंच जत्रेला, सर्कशीला, क्रिकेटच्या सामन्याला, जिथे म्हणून भरपूर गोंगाट असेल तिथे जातात. परत येतात तेव्हा घसा बसलेला असतो.

१४. तिचं तिला सांगा.

मागच्या उन्हाळ्यात तिने विचारलं, ‘मलाच का चावतं?’ आम्ही सांगितलं की काही माणसांचे कान आणि कातडी जास्त ऐकतात, तुझी तशी आहे. त्याला नाव असू शकेल, डॉक्टर बघताहेत. ‘असू शकेल म्हणजे किती टक्के?’ नवरा म्हणाला, ‘साठ.’ मी म्हटलं, ‘सत्तर.’ ती म्हणाली, ‘तुम्ही आधी दोघं ठरवा.’

मग तिने वहीचं मधलं पान फाडून आवाजांची क्रमवारी लावली. पहिला क्रमांक फुग्याचा. दुसरा मॉलमधल्या हात वाळवायच्या यंत्राचा, तिसरा धाकट्याच्या शिट्टीचा. आजीचं घोरणं सहावं. त्यावर आजीने रीतसर हरकत नोंदवली आणि ते सातवर गेलं. दहाव्या क्रमांकावर लिहिलं आहे, ‘आई फोनवर बँकेच्या माणसांशी बोलते तेव्हा’. तो कागद फ्रीजवर लावला आहे. सुट्टीच्या दिवशी कामाचा फोन आला की मी आता जिन्यात जाऊन बोलते.